गोळीचा वेग

बारूद तोलताना पंखा चालत नाही. त्या बारीक काट्याची दांडी इतकी हलकी असते की दारात कुणी पदर झटकला तरी ती खालीवर होत राहते. म्हणून आमच्या घरी, करडी गावाच्या अलीकडच्या त्या चार खोल्यांत, भर उन्हाळ्यातही दुपारी पंखा बंद असायचा आणि खिडक्या लावलेल्या असायच्या. माय स्वयंपाकघरात पाट्यावर मिरच्या वाटत असली तर तिचे हात मध्येच थांबायचे, कारण पाट्याचा हादरा भिंतीतून टेबलापर्यंत येतो असं बाबूजींचं म्हणणं होतं. अर्धवट वाटलेल्या मिरच्यांसमोर ती तशीच बसून राही. बाहेर धानाच्या बांध्यांकडून कुणी बैल हाकल्याचा आवाज येई, दूरच्या राईस मिलचा घरघराट येई, आणि घरात फक्त काडतुसं भरायच्या प्रेसचा दांडा खाली आल्याचा 'खट' असा आवाज. तो 'खट' माझा होता. रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरण्याचं काम बाबूजींनी माझ्याकडे दिलं होतं. शाळेतली इतर पोरं तलावावर गळ टाकून बसायची तेव्हा मी घामानं भिजलेली बोटं धोतराच्या तुकड्याला पुसत पितळी पुंगळीत दाण्यादाण्यानं बारूद ओतत असायचो.

बाबूजी नेमबाज होते. धानाची शेती चांगली होती, ती बटईनं दिलेली होती, आणि त्यांचा सगळा जीव रायफलीत होता. राज्याच्या स्पर्धांत ते अनेकदा उतरले होते आणि त्यांच्याकडे काडतुसं स्वतः भरण्याचा परवानाही होता. त्याचा त्यांना बंदुकीपेक्षा जास्त अभिमान होता. उडवलेल्या काडतुसाची पुंगळी फेकायची नाही. ती धुवायची, घासायची, तिच्या बुडाची, ठिणगी पाडणारी जुनी टोपी काढून नवी बसवायची, आत मोजून बारूद घालायची आणि तोंडाशी शिशाची गोळी दाबायची. प्रत्येक पुंगळीत बारूद सारखी पडली तर प्रत्येक गोळी सारख्या वेगानं जाते, आणि सारख्या वेगानं गेली तर लांबच्या निशाण्यावर एकाच जागी लागते. एवढंच ते शास्त्र. बाबूजींनी ते मला शिकवलं तेव्हा मी नववीत होतो, आणि मला ते फार आवडलं होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मला त्या टेबलाला बांधून घातलं होतं. कुणी बांधलं नव्हतं.

क्रोनोग्राफ घरात आला तेव्हा माझी बारावी झाली होती. नागपूरचा त्यांचा एक नेमबाज मित्र परदेशी गेला होता, त्यानं तो आणून दिला. गोळीचा वेग मोजायचं यंत्र. आमच्याकडे कुणी त्याला क्रोनोग्राफ म्हटलं नाही, बाबूजीसुद्धा 'मशीन'च म्हणत. एक चपटी पेटी, तिच्यावर पुढेमागे दोन कमानी आणि कमानींवर पांढऱ्या प्लास्टिकची छपरं. घरामागं तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून मुरमाची एक जुनी खदान होती, तिथं बाबूजी सराव करत. रायफलीच्या तोंडापासून थोड्या अंतरावर ती पेटी तिपाईवर ठेवायची आणि गोळी दोन्ही कमानींच्या मधून जाईल अशी उडवायची. पहिल्या कमानीखालच्या काचेवरून सावली गेली की मशीन मोजायला लागते, दुसरीवरून गेली की थांबते, आणि पेटीवर आकडा उमटतो. गोळी सेकंदाला किती फूट गेली त्याचा. ढगाळ, सारखा उजेड तिला चांगला. ऊन तिरपं काचेवर पडलं तर ती गोंधळते. हे सगळं तिच्यासोबतच्या पुस्तिकेत होतं आणि ती पुस्तिका बाबूजींनी मला मोठ्यानं वाचायला लावली होती.

त्याआधी माझं काम बरं की वाईट हे बाबूजी निशाण्याच्या कागदावरून सांगत. कागदाबाबत बोलायला जागा असते. वारा होता, श्वास चुकला, खांदा हलला. मशीन आल्यावर ती जागा संपली. दोन गोळ्यांच्या आकड्यांत फरक आला की तो फरक माझ्या हाताचा.

"किती?" ते रायफलीवरून मान न उचलता विचारत.

"सव्वीसशे दहा."

"मांगची किती होती?"

"सव्वीसशे चाळीस, बाबूजी."

मग ते उठून बसत. मारत नसत. त्यांनी मला जन्मात कधी मारलं नाही. ते नुसतं माझ्या हातांकडे पाहत, कुणी विकत आणलेल्या बैलाचा पाय लंगडा निघाल्यावर पाहील तसं. "मशीन खोटं बोलत नाही," म्हणत. "तुह्या हातात खोट आहे."

ती खोट मग जेवायच्या पाटावर येई. लाखोळीची डाळ, भात, कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानाच्या वड्या, कधी तलावातले झिंगे. माय वाढायला वाकली की बाबूजी तिला त्या दिवसाचा फरक सांगत. तिला त्यातलं काही कळत नसे आणि तिला कळत नाही हे त्यांना माहीत होतं. फरक जास्त असला की ते म्हणत, "आज याले वड्या नको वाढू." माय थांबायची. "वाढू नको म्हटलं ना. हात जड होते खाऊन." ती वड्यांचं ताट उचलून परत चुलीपाशी नेऊन ठेवायची. पुढं पुढं ती विचारायचीच नाही. मी खदानीतून परतलो की माझ्या तोंडाकडे पाहायची आणि त्यावरून किती वाढायचं ते ठरवायची. एकदा मी तिला म्हटलं, "तू तरी लपवून देत जा ना वं." ती म्हणाली, "मंग ते माह्या ताटातून काढतीन." ती गंमत करत नव्हती. तसं एकदा झालं होतं.

पाहुणे आले की बाबूजी मला हाक मारत आणि पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला तळहातावर घेऊन उभं राहायला सांगत. "हा माहा पोट्टा मोरेश्वर. पाहा आता." सगळे पाहत राहिले की कुणाचा हात स्थिर राहतो? पाणी हिंदकळायचं, बोटांवरून घसरायचं. "पाह्यलं? याच्या हातची काडतुसं घेऊन मी स्पर्धेत जातो. जिगर पाहा माही." पाहुणे हसत. मीही हसायचो, कारण न हसलो तर पाहुणे गेल्यावर पुन्हा पेला भरला जाई.

आज मी साकोलीत राहतो. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी नेमबाजी शिकते, ती परवा भेटायला आली होती. तिच्या क्लबात आता वेग मोजायची मशीन म्हणजे वीटभर डबी आहे. ती रायफलीच्या बाजूला ठेवली की झालं, उन्हासावलीची भानगड नाही, आकडा मोबाइलवर येतो. तिनं मला तिचा चष्माही दाखवला, गोळी उडवताना घालायचा, जाड काचेचा. चष्म्याशिवाय तिला मैदानात पाऊलही टाकू देत नाहीत. मी तो हातात घेऊन बराच वेळ पाहत बसलो. ती बिचारी घाबरली, म्हणाली, "सर, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, चांगला आहे."

मशीन आली त्याच वर्षी स्पर्धा तोंडावर आली आणि नेमका जुना बारुदीचा डबा संपला. नवा आला. नाव तेच, रंग तोच, झाकणही तसंच. फक्त तो वेगळ्या घाण्याचा होता, म्हणजे कारखान्यानं वेगळ्या वेळी बनवलेला. एकाच नावाची बारूद असली तरी घाण्याघाण्यात थोडा फरक पडतो; कधी मंद निघते, कधी तेज. म्हणून नवा डबा उघडला की आधी कमी वजनापासून सुरुवात करायची, मशीनवर वेग बघायचा, आणि हळूहळू चढत जायचं. वेग अपेक्षेपेक्षा जास्त आला तर समजायचं की आत दाब वाढतो आहे, आणि तिथंच थांबायचं. हे बाबूजींनीच मला शिकवलं होतं. मशीन खरी त्यासाठीच असते.

"बाबूजी," मी म्हटलं, "नवा डबा आहे. थोडं कमी भरून पाहू पह्यले."

ते दाढी करत होते. आरशातूनच बोलले. "स्पर्धा डोक्यावर आहे. चढत बसाले वेळ आहे काय? जुनं वजन भर."

"पण तुम्हीच सांगत होता..."

"मी सांगत होतो ते ज्याचा हात बरोबर आहे त्याच्यासाठी. तुह्या हातानं चढत गेलं तं दिवाळी येईन."

मी जुन्या वजनानं भरली. त्या दिवशी माझा हात फार चांगला चालत होता. काट्याची दांडी प्रत्येक वेळी रेषेवर येऊन थांबत होती.

सकाळी आम्ही खदानीत गेलो. आभाळ पातळ होतं, मधून मधून ऊन पडत होतं. बाबूजी पोत्यावर आडवे झाले, मी बाजूला मशीनपाशी, आकडे वाचायला. पहिली गोळी गेली आणि आवाजच वेगळा आला. नेहमीचा दणका नव्हता, कानात टाचणी टोचल्यासारखा तिखट आवाज. आकडा पाहिला आणि मी तो दोनदा वाचला.

"किती?"

"सत्तावीसशे नव्वद."

बाबूजी बोल्ट, म्हणजे पुंगळी मागून कोंडून धरणारा रायफलीचा खटका, उचलायला गेले तर तो उचलेना. तळहातानं ठोकून उघडला. पुंगळी बाहेर पडली ती मी उचलली. बुडाची टोपी चपटी होऊन पितळात सारवल्यासारखी दिसत होती.

"बाबूजी, थांबा. दाब वाढून राहिला. टोपी पाहा."

त्यांनी टोपीकडे पाहिलंच नाही. आभाळाकडे पाहिलं. "ऊन पडलं काचेवर. मशीन गोंधळली."

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून मला दिला. मी तो दोन काड्या रोवून मशीनवर सावलीला बांधला. सावली एकदम सारखी झाली. त्यांनी दुसरी उडवली. आकडा आणखी वर गेला.

"अठ्ठावीसशे वीस," मी म्हटलं. "आता तं ऊन नाही."

"मशीन खराब झाली मंग."

आणि मी बोललो. त्यांच्यासमोर त्या सुरात मी पहिल्यांदाच बोललो. "इतके दिवस मशीन खोटं बोलत नव्हती. माहा हात खोटा होता. आज मशीन खोटी झाली?"

बाबूजी उठले. गुडघ्यावरचा मुरूम झटकला. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट ते शांत झाले होते, जणू एखादी अडचण सुटली. त्यांनी रायफल माझ्याकडे धरली.

"तुह्याच हातानं भरलेली आहे ना? मंग भेव कायचा? उडव तू."

मी रायफल घेतली. माणसं विचारतात, नाही का म्हटलं नाहीस? बायकोनं लग्नानंतर विचारलं, मुलानं मोठा झाल्यावर विचारलं.  मी पोत्यावर आडवा झालो, गाल दस्त्याला टेकवला, आणि बाबूजी मशीनपाशी जाऊन बसले, आकडा स्वतः वाचायला. मी चाप दाबला.

आवाज आठवत नाही. उजव्या बाजूनं एक पांढरा झोत आला आणि तोंडात जळक्या पितळेची चव आली, एवढं आठवतं. पुंगळीचं बूड फाटलं होतं आणि आतला जाळ बोल्टच्या फटीतून मागं आला होता, माझ्या तोंडावर. मी गालाला हात लावला तर हात गरम आणि ओला झाला. डाव्या डोळ्यानं मला बाबूजी दिसले. ते मशीनकडे पाहत होते. मग माझ्याकडे पाहिलं.

जीपमध्ये माझं डोकं मायच्या मांडीवर होतं. तिनं पदर माझ्या डोळ्यावर दाबून धरला होता आणि ती तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होती. भंडाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यात खड्डा आला की तिचा हात दाबला जाई आणि मी ओरडे. बाबूजी गाडी चालवत होते.  मग मागं न बघता म्हणाले, "नळी वाचली तिची. बोल्ट बदलला का होऊन जाईन."

मायचं देवाचं नाव थांबलं.  

भंडाऱ्यातून नागपूरला पाठवलं. डॉक्टरांनी पितळेचे कण काढले, पण डोळा राहिला नाही. शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी पोलिसांचा माणूस जबाब घ्यायला येणार असं कळलं. बाबूजी त्याच्या आधी आले. खाटेच्या कडेला बसले. माझी चादर नीट केली.

"हे पाह्य मोऱ्या," ते हळू म्हणाले. "मी तुले उडवाले लावलं असं लिहिलं तं माहा परवाना जाईन. रायफलही जाईन. डोळा तं गेलाच तुहा, तो काही वापस येत नाही. आता रायफल घालवून काय भेटणार आहे तुले?"

माय खिडकीशी संत्रं सोलत होती. तिनं सोललेली फोड हातातच धरली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी काय म्हणतो ते ऐकायला.

हवालदार आला. त्यानं विचारलं, मी सांगितलं. बाबूजी वावरात गेले होते. मी न विचारता बंदूक घेतली. मीच भरली, मीच उडवली.

"अक्कल नाही काय बे?" हवालदार म्हणाला. "बापाले जेलात टाकलं असतं तू."

"जाऊ द्या जी," बाबूजी म्हणाले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "पोट्टंच आहे. चूक होते."

स्पर्धेला ते मित्राची रायफल आणि विकतची काडतुसं घेऊन गेले. तिसरे आले. पेढ्यांचा पुडा घेऊन सरळ दवाखान्यातच आले, आणि पहिला पेढा माझ्या तोंडात घातला. पट्टीमुळं मला गाल हलवता येत नव्हता. पेढा तोंडात तसाच विरघळत राहिला.

मी घरी आलो तेव्हा धानाची कापणी सुरू झाली होती. उजवीकडची प्रत्येक गोष्ट मला उशिरा कळे. दाराची चौकट खांद्याला लागे, माय उजवीकडून ताट ठेवी आणि मी ते पाहत नसे. ती मग ताट डावीकडे सरकवी. वड्या भरपूर वाढी. बाबूजी त्यावर काही बोलत नव्हते. असे काही आठवडे गेले, आणि एका सकाळी मी विहिरीवर तोंड धूत असताना माय आली.

"आज दुपारच्या बसनं सिहोऱ्याले जाऊ," ती म्हणाली. "तुह्या मामाले निरोप देल्ला. तो बस थांब्यावर येईन. तुहे कपडे मी घेतो, तू काही बोलू नको कोणाजवळ."

"किती दिवसासाठी?"

"आता वापस नाही येत." तिनं माझा चेहरा पदरानं पुसला, डोळ्याच्या खळीभोवती फार जपून. "येशीन ना तू?"

"हाव," मी म्हटलं. मनापासून म्हटलं होतं.

तेवढ्यात आतून बाबूजींची हाक आली. माय म्हणाली, "नको जाऊ." मी म्हटलं, "पाहून येतो काय म्हणतात."

टेबलावर काटा मांडलेला होता. धुतलेल्या पुंगळ्यांची ओळ लावलेली होती, पंखा बंद होता. बाबूजींनी खुर्ची मागं सरकवली. "बस. काटा पाहाले एक डोळा पुरते." मग जरा थांबून, कुणी हवापाण्याचं सांगावं तसं म्हणाले, "वजन बरोबर होतं तुह्यं त्या दिवशी. उरलेली काडतुसं मी तुह्या जबाबाच्या आधीच खोलून तोलली. सगळी बरोबर होती. बारूदच तेज निघाली."

म्हणजे हवालदारासमोर माझ्या डोक्यावर हात फिरवत होते तेव्हा त्यांना हे माहीत होतं.  पण त्या सकाळी मला त्यातलं एकच ऐकू आलं. वजन बरोबर होतं. मी बसलो.

कमी वजनापासून भरली, नियमानं. खदानीत गेलो. नवा बोल्ट बसवलेला होता. बाबूजी उडवत गेले आणि मी डाव्या डोळ्यानं आकडे वाचत गेलो. एकापाठोपाठ एक आकडे जवळजवळ सारखे आले. इतके सारखे मशीन आल्यापासून कधी आले नव्हते. शेवटचा आकडा सांगितला तेव्हा बाबूजी उठले, माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"शाबास रे मोऱ्या. हात बसला तुहा."

मी हसलो. पट्टी निघाल्यापासून चेहरा ताणला की दुखायचा, तरी मी तोंडभर हसलो. मला इतका आनंद झाला होता की मी बाबूजींचा हात पाठीवरून सरकू नये म्हणून अंग आखडून उभा होतो. तसाच डावीकडे वळलो तर पाळीवर माय उभी होती. बसची वेळ झाली म्हणून मला बोलवायला आली असेल. तिनं सगळं पाहिलं होतं. ती हाक न मारता वळली.

मी तिच्या मागं धावत घरी गेलो. ती पंखा लावून खाटेवर बसली होती, पिशवी मांडीवर होती. तिनं पिशवीत हात घालून माझा एक शर्ट काढला, खाटेवर ठेवला. मग दुसरा. मग पॅन्ट. घडी मोडू न देता, एकावर एक.

"माय, मी येतो ना."

"नको," ती म्हणाली. "तू राह्य त्याच्यापाशी."

"माय."

"मी तुह्यासाठीच जाऊन राहिलो होतो." तिचा आवाज चढलाही नाही. "आता माह्यासाठी जातो."

पिशवी अर्धी रिकामी झाली तशी तिनं तिला गाठ मारली आणि ती उठून निघाली. मी दारापर्यंत गेलो. ती पायवाटेनं बस थांब्याकडे चालत होती, कापलेल्या बांध्यांमधून, एकदाही मागं न बघता. खदानीकडून बाबूजींनी हाक दिली.

"मोऱ्या, अजून भरून आण."

मी कपडे खाटेवरून उचलून पेटीत ठेवले. पंखा बंद केला आणि टेबलापाशी जाऊन बसलो.